धुळे ते जळगाव, उणे एकशे नव्वद

नाक्यावरच्या पोलिसांनी माझी गाडी फार वेळा थांबवली. मागची सीट काढून तिथे पट्ट्यांनी आवळून बांधलेलं, दुधाच्या कॅनसारखं दिसणारं भांडं, त्यावर लाल अक्षरांत इंग्रजी सूचना, आणि परवान्यावर नाव युनूस. शंका यायला एवढं पुरायचं. मीही कधी वाद घातला नाही. साहेब म्हणाले झाकण उघड, की उघडायचो. आतून पांढरी वाफ गळ्यावरून खाली ओघळायची आणि शिपाई दोन पावलं मागे सरकायचा.

"काय आहे हे?"

"थंडी, साहेब."

सत्तावीस वर्षं मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत थंडी वाहिली. माझ्या मोठ्या भावाचं धुळ्याच्या देवपुरात गाद्या-रजयांचं दुकान होतं, त्यामुळे आमच्याकडे लोक गमतीने म्हणायचे, एक भाऊ ऊब विकतो, दुसरा थंडी. माझ्या कामात बर्फ मात्र कुठेच नसायचा, हे लोकांना पटत नसे. घरातल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा साधारण उणे अठरा अंशांचा. रक्ताचे काही नमुने कोरड्या बर्फात जातात, तो उणे अठ्ठ्याहत्तर. तो वितळून पाणी होत नाही, नुसता उडून जातो, आणि गाडीच्या काचा बंद असतील तर हवेची जागा घेत राहतो. एकदा एसी लावून काचा चढवून मी असा खोका घेऊन निघालो आणि एरंडोलच्या अलीकडे डोकं जड होऊन डोळे मिटायला लागले. झोप नव्हती ती. कशीबशी गाडी कडेला घेऊन दार उघडलं. त्या दिवसापासून मेचं ऊन असो की जुलैचा पाऊस, माझी काच चार बोटं उघडी असते.

पण माझं खरं काम द्रवरूप नायट्रोजनचं. उणे एकशे शहाण्णव. पाण्यासारखा दिसतो, ओतला की उकळतो, आणि कातडीला लागला तर भाजल्यासारखा फोड येतो. पहिली पंधरा वर्षं मी गुरांच्या दवाखान्यांना तो पोहोचवला. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं रेत बारीक नळ्यांमध्ये गोठवून ठेवतात, त्याला रेतमात्रा म्हणतात. त्या नळ्या नायट्रोजनने भरलेल्या जारमध्ये बुडालेल्या असाव्या लागतात. नायट्रोजन रोज थोडा थोडा उडतो, म्हणून गाडी ठरल्या दिवशी गेलीच पाहिजे. यावलच्या केळीच्या बागांपासून शिंदखेड्याच्या कोरडवाहूपर्यंत कुठल्या गावात जार आहे आणि त्याची चावी कुणाच्या खिशात आहे, हे मला पाठ होतं. एकदा एक मंडपवाला नवरा-नवरीच्या एन्ट्रीला धूर हवा म्हणून बादली घेऊन गाडीसमोर उभा राहिला होता. त्याला समजावताना घशाला कोरड पडली.

नंतर जळगावला वंध्यत्वाच्या उपचारांचं एक केंद्र सुरू झालं आणि तिथल्या मेघना मॅडमनी मला बोलावून घेतलं. मॅडम प्रयोगशाळा सांभाळायच्या. सुईच्या टोकावर मावेल एवढा गर्भ काचेखाली बघून त्यातलं बरंवाईट ओळखणाऱ्या. बोलायच्या कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "युनूसभाई, आतापर्यंत तुमच्याकडून एखादी नळी खराब झाली तर दुसरी मिळत होती. इथे दुसरी नसते."

प्रवासाला वापरतो ते भांडं वेगळं असतं. त्याला आम्ही नुसतं कंटेनर म्हणतो. त्याच्या आत स्पंजासारखा एक थर असतो, तो नायट्रोजन पिऊन घेतो. मोकळं द्रव आत राहत नाही, त्यामुळे आडवं झालं तरी सांडत नाही. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीमध्ये निर्वात पोकळी असते आणि सगळी करामत त्या पोकळीची. ती शाबूत असेल तर कंटेनर आठवडाभर थंड राहतो. ती गेली तर काही तासांत सगळं संपतं. पोकळी शाबूत आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी कंटेनर भरून वजन करायचं आणि निघण्यापूर्वी पुन्हा करायचं. रात्रीतून नेहमीपेक्षा जास्त वजन उतरलं तर तो कंटेनर बाजूला ठेवायचा. दोन्ही आकडे नोंदीच्या कागदावर लिहून सही करायची. काम दोन मिनिटांचं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्या दिवसाकडे येतो.

देवपुरातलं एक छोटं केंद्र बंद होत होतं. तिथले डॉक्टर मुलाकडे परदेशी चालले होते. त्यांच्याकडे ठेवलेले गर्भ जोडप्यांच्या संमतीने आणि सरकारी परवानगी घेऊन इतरत्र हलवायचे होते. त्यातले शेवटचे दोन जळगावला आणायचे होते. ते शिंदखेडा तालुक्यातल्या वैशाली आणि प्रशांतचे. वैशाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, प्रशांतचं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान. लग्नानंतर चार वर्षांनी वैशालीला स्तनाचा कर्करोग निघाला. केमोने पुढे मूल होण्याची शक्यता राहणार नव्हती, म्हणून उपचार सुरू व्हायच्या आधी घाईघाईत दोन गर्भ तयार करून गोठवले. उपचार झाले, ती बरी झाली, डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हणून सांगितलं. हे दोन गर्भ सोडले तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मे महिना होता. सकाळी सातला मी जळगावहून निघणार होतो. कंटेनर आदल्या दिवशी भरून, वजन करून ठेवला होता. सकाळी वजनकाटा लावला तर काट्याचा आकडाच उमटेना. सेल संपले होते. सेल वरच्या मजल्यावरच्या कपाटात, कपाटाची चावी मॅडमकडे, मॅडम नऊला येणार. मी कंटेनर हाताने उचलून पाहिला. जड वाटला. मग कागदावर आदल्या दिवसाचा आकडा थोडा कमी करून, रोज जेवढा कमी होतो तेवढा, लिहून टाकला आणि सही केली.

देवपुरात वैशाली, प्रशांत आणि प्रशांतची आई माझी वाट बघत होते. आईला सगळे सुमनअक्का म्हणत. हिरवं नऊवारी, हातात कापडी पिशवी, वय सत्तरीच्या पुढे. कागद झाले, सह्या झाल्या, तिथल्या टाकीतून गर्भ असलेल्या दोन्ही नळ्या डोळ्याची पापणी लवते न लवते तोच माझ्या कंटेनरमध्ये आल्या. आतलं तापमान दाखवणारं यंत्र, ज्याला आम्ही लॉगर म्हणतो, त्यावर उणे एकशे नव्वद दिसत होतं. वैशालीने झाकणाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. तिला शाळेच्या निकालाचं काम होतं, प्रशांतला तिला घेऊन परत जायचं होतं. मी पट्ट्या आवळत होतो तेवढ्यात अक्का पुढचं दार उघडून गाडीत बसल्या.

"मी संगे येस," त्या म्हणाल्या.

"अक्का, तसा नियम नाही."

"नियम तुना डब्बाले शे. माले नहीं."

प्रशांत ओशाळून हसला. वैशाली म्हणाली, "जाऊ द्या त्यांना, दादा. नाहीतर त्या एसटीने येऊन तुमच्या आधी दारात बसतील." मी नियम मोडला. त्या दिवसातला दुसरा.

धुळ्यातून बाहेर पडून मुकटीच्या अलीकडे पोचलो तर पुढे ट्रकांची रांग. एका ट्रकवाल्याने सांगितलं, गॅसचा टँकर उलटलाय, दोन्ही बाजू बंद केल्यात, चार-पाच तास तरी धरा. मला फारशी काळजी वाटली नाही. कंटेनर आठवडाभर तग धरणारा. मी गाडी एका निंबाखाली घेतली, मॅडमना फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. अक्कांनी पिशवीतून कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला. मी खात असताना त्या मागे वळून कंटेनरकडे बघत होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "डब्बाले घाम काबर उना?"

माझ्या हातातला घास तिथेच राहिला. कंटेनरच्या खांद्यापाशी पाण्याचे थेंब जमले होते. मी हात लावला. धातू गार होता. चांगल्या कंटेनरचं बाहेरचं अंग भर उन्हात गाडीच्या पत्र्याइतकं तापतं, कारण आतली थंडी बाहेर येतच नाही. ती बाहेर येत होती, म्हणजे पोकळी गेली होती. लॉगर बघितला. उणे एकशे ब्याऐंशी. मी घड्याळ लावून पाच मिनिटं नुसता आकड्याकडे बघत बसलो. उणे एकशे ऐंशी.

मॅडमना पुन्हा फोन केला.

"उणे एकशे तीसच्या वर जाता कामा नये," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर गेलं की गर्भाच्या आत स्फटिक व्हायला लागतात. मग परत थंड करून उपयोग नाही. देवपूरला मागे जाता येईल?"

"तिथली टाकी आज रिकामी केली, मॅडम. माझ्यासमोरच."

"मी इथून दुसरा कंटेनर घेऊन गाडी पाठवते. पण रस्ता बंद असेल तर तीही तिकडेच अडकेल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला सगळे जार माहीत आहेत ना?"

ते माझ्या डोक्यात त्याच वेळी आलं होतं. मागे फागण्याकडे वळून अमळनेरचा रस्ता धरला तर वाटेतल्या एका गावात गुरांचा दवाखाना होता. तिथले पशुधन पर्यवेक्षक निकमभाऊ. मी दहा वर्षांत त्यांच्याकडे गेलो नव्हतो. ते अजून तिथे आहेत की बदली झाली, हेही ठाऊक नव्हतं. जुन्या नंबरवर फोन लावला तर तो लागेना.

गाडी वळवणं हेच एक दिव्य होतं. मागे ट्रक, बाजूला चर. एका क्लीनरने खाली उतरून हाताने गाड्या मागे घेतल्या आणि मी चराच्या कडेवरून चाक घालून बाहेर निघालो. अक्कांनी एका हाताने खिडकीचं हँडल आणि दुसऱ्या हाताने मागच्या कंटेनरची पट्टी धरली होती. मी त्यांना म्हटलं, हात काढा, गारठ्याने इजा होईल. त्यांनी काढला नाही, नुसता पदर गुंडाळून घेतला.

अमळनेरच्या रस्त्यावर आमच्यासारखेच वळलेले ट्रक. डांबर मऊ झालेलं. खिडकीतून येणारी हवा भट्टीसारखी आणि ती बंद करता येत नव्हती. दर दोन-तीन किलोमीटरला मी अक्कांना आकडा विचारायचो. त्यांना आकडे वाचता यायचे, उणे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. "एकशे एकाहत्तर." मग, "एकशे पासष्ट." आकडा लहान होतोय म्हणजे बरं का वाईट, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाईट. त्यानंतर त्या आकडा हळू आवाजात सांगू लागल्या.

"माले खरं सांग," त्या म्हणाल्या. "बिघडनं का?"

"अजून नाही."

मग त्या स्वतःशी बोलावं तशा बोलल्या. "माले नातू पाहिजे म्हनीसन मी नहीं उनू, भाऊ. ती दवाखानामा पडेल व्हती ना, तवय अन्न सोडेल व्हतं तिनी. मी म्हनू, बाई, तठे धुळाले तुना दोन जीव थंडीमा बसेल शेत, तुनी वाट देखी ऱ्हायनात. मंग ती दोन घास खाये. आते त्या गयात ते मी तिले काय सांगू?"

सकाळच्या काट्याचा रिकामा चौकोन सारखा डोळ्यांपुढे येत होता.

दवाखाना उघडा होता. निकमभाऊ होते. केस पांढरे झालेले, तोच निळा शर्ट. बाहेर खोड्यात एक तांबडी गाय बांधली होती आणि गायीची मालकीण शेजारी उभी होती. लॉगरवर उणे एकशे एकोणपन्नास.

मी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी कंटेनरला हात लावला, आत गेले, जारमध्ये लांब पट्टी बुडवून बाहेर काढली आणि हवेत हलवली. पट्टीवर पांढरं दहिवर जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत नायट्रोजन आहे असं समजायचं. चार-साडेचार बोटं होतं.

"गाडी गुरुवारी येणार," निकमभाऊ म्हणाले. "आज सोमवार. यातला दिला तर माझ्या नळ्या उघड्या पडतील. गीरच्या आहेत, युनूसभाई. वर्षभर अर्ज करून मिळवल्यात."

दुसऱ्याकडून काय मागतो आहे, ते मला पुरतं माहीत होतं. पंधरा वर्षं मीच तो त्यांना मोजून देत आलो होतो. अक्का गाडीतून उतरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

गायीची मालकीण मधेच म्हणाली, "भाऊ, मनी गाय सकायपाईन माजवर शे. आज नहीं व्हयनं ते मंग एकवीस दिन. मना नंबर पह्यला शे."

निकमभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "तिचं आधी करतो. तिची नळी काढतो, मग राहील ते तुमचं."

ती सहा-सात मिनिटं मला आजही आठवतात. नळी काढली, कोमट पाण्यात धरली, बंदुकीसारख्या त्या नळकांड्यात बसवली. निकमभाऊंचे हात घाई करत नव्हते आणि करायलाही नको होती. मी मधल्या वेळात मॅडमना फोन लावला.

"मॅडम, नायट्रोजन मिळतोय. पण जनावरांच्या जारमधला आहे."

"आपल्या नळ्या दोन्ही टोकांनी सील आहेत ना? जंतू आत जायला नकोत. तुम्ही स्वतः बघितल्या होत्या?"

"बघितल्या होत्या."

"गाळून घेता येणार नाही. ओता. पण नळ्या बाहेर काढायच्या नाहीत. त्यांना हात लावायचा नाही."

लॉगरवर उणे एकशे एक्केचाळीस झालं होतं. मी हातमोजे चढवले, तोंडावर प्लास्टिकची पारदर्शक ढाल घेतली, अक्कांना लांब उभं केलं. निकमभाऊंनी जार तिरपा करून छोट्या भांड्यात नायट्रोजन घेतला आणि मी तो कंटेनरच्या गळ्यातून बारीक धारेने सोडला. आत फसफस झाली, वाफेचा लोट वर आला, काही दिसेना. थांबलो. पुन्हा ओतला. स्पंज आधी उकळवून टाकतो, मग प्यायला लागतो. तिसऱ्या वेळी फसफस कमी झाली. आकडा थांबला, मग उलटा फिरला. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे साठ. अक्का दारातूनच विचारत होत्या, "वाढना का?" मी म्हटलं, वाढला. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

निकमभाऊंनी शेतावर न्यायचा छोटा जार उरलेल्या नायट्रोजनने भरून माझ्या गाडीत ठेवला. त्यांच्या मोठ्या जारमध्ये पट्टी बुडवली तेव्हा दहिवर जेमतेम बोटभर होतं. त्यांच्या गीरच्या रेतमात्रा बुधवारपर्यंत गेल्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. गुरुवारच्या गाडीवाल्याकडून कळलं.

अमळनेर, धरणगाव, पाळधी. वाटेत दोनदा थांबून मी नायट्रोजन ओतला. चारच्या सुमाराला जळगावला पोचलो तेव्हा लॉगरवर उणे एकशे बहात्तर होतं. मॅडम फाटकातच उभ्या होत्या. दोन्ही नळ्या मोठ्या टाकीत गेल्या आणि झाकण बसलं.

मग त्यांनी कागद हातात घेतला. "सकाळी वजन बरोबर होतं म्हणजे पोकळी रस्त्यात गेली," त्या म्हणाल्या. "धक्का बसला असेल. कंपनीला कळवायला हवं."

मी हो म्हटलं. अक्का मला सांगत होत्या, भाऊ, तुले देव पावो. मी त्यांच्या पाया पडलो आणि घरी गेलो.

ऑगस्टमध्ये वैशालीसाठी पहिला गर्भ बाहेर काढला. तो जगला नाही. वितळवल्यावर पेशी चुरगळलेल्या दिसल्या. मॅडमनी मला सांगितलं तेव्हा मी टाकीत नायट्रोजन भरत होतो. "असं एरवीही होतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक गर्भ तग धरतोच असं नाही. त्या दिवशीमुळेच गेला असं कुणी सांगू शकणार नाही." आणि मग, "नाही असंही सांगू शकणार नाही."

सप्टेंबरच्या एका रविवारी मी शिंदखेड्याला गेलो. घरात सांगितलं नाही. वैशाली ओट्यावर वह्या तपासत होती. प्रशांत दुकानात, अक्का शेजारी गेलेल्या. तिने पाणी दिलं. मी ग्लास हातात धरून सगळं सांगितलं. काटा बंद होता हे, आकडा मनाने लिहिला हे, आणि वजन केलं असतं तर तो कंटेनर मी घेऊन निघालोच नसतो हे.

हातातल्या वहीचं पान तसंच अर्धं उलटलेलं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"तुम्ही का सांगताय?" शेवटी तिने विचारलं. "मला कधी कळलंच नसतं."

"म्हणूनच."

तिने वही बाजूला ठेवली. "दादा, माझ्या हाताला गाठ लागली तेव्हा वार्षिक परीक्षा चालू होती. मी चार महिने कुणाला सांगितलं नाही. प्रशांतलाही नाही. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे, तर मी म्हटलं, पंधरा दिवस. आजपर्यंत सगळ्यांना तेच माहीत आहे." ती माझ्याकडे बघत नव्हती. "लवकर सांगितलं असतं तर कदाचित केमो लागली नसती. कदाचित लागली असती. तेही कुणी सांगू शकत नाही."

मग ती उठली आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "मॅडमना सांगा. आजच. दुसरा अजून आत आहे, त्यांना खरं माहीत पाहिजे. आणि मी प्रशांतला सांगते, माझं."

मी तिथूनच निघून जळगावला मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद मागवला, माझ्या आकड्यावर रेघ मारून बाजूला खरं काय ते मला माझ्या अक्षरात लिहायला लावलं आणि सहा महिने गाडी माझ्याकडून काढून घेतली. मी टाक्या भरण्याचं काम केलं. त्यांनी लॉगरची सगळी नोंद पुन्हा मिनिटामिनिटाने तपासली आणि दुसऱ्या गर्भाच्या वेळी वितळवण्याची पद्धत थोडी बदलली. काय बदललं ते मला समजण्यासारखं नव्हतं.

नोव्हेंबरच्या अखेरीला एका सकाळी मी हातमोजे घालून टाकी भरत होतो आणि खिशातला फोन तीनदा वाजला. भरताना मधे थांबता येत नाही. काम संपवून बघितलं तर शिंदखेड्याचा नंबर. मी लावला.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "सूनले दिवस ऱ्हायनात."

मुलगी झाली तेव्हा मी निकमभाऊंकडे जाऊन आलो. पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी एक उचलला, म्हणाले, त्या तांबड्या गायीलाही कालवड झाली. मी त्यांच्या गीरच्या मात्रांबद्दल बोलायला लागलो, तर त्यांनी विषय बदलला.

वैशालीच्या घरी मात्र मी गेलो नाही. बारशाचं बोलावणं आलं, तरी नाही. मला बघून त्यांना तो न जगलेला पहिला आठवेल, असं वाटायचं. खरं तर मलाच आठवायचा, आणि अजून आठवतो. मी निवृत्त होईपर्यंत पुन्हा कधी वजन चुकवलं नाही, पण त्याने जुना आकडा खरा होत नाही.

या वर्षी उन्हाळ्यात भावाकडे गेलो असताना देवपुरातल्या एका चपलांच्या दुकानात वैशाली भेटली. केस आता खांद्यापर्यंत आलेले. सोबत चार वर्षांची मुलगी, एका पायात नवी चप्पल, एका पायात जुनी. मुलीने माझ्याकडे बघून आईला विचारलं, "हे कोण?"

वैशालीने जरा विचार केला. "हे युनूसकाका. तू खूप लहान होतीस ना, तेव्हा यांनी तुला गाडीतून जळगावला नेलं होतं."

मुलीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मला नाही आठवत," ती म्हणाली.

"मला आठवतं," मी म्हटलं. "तुझी आजी पुढच्या सीटवर होती."